भावाचं वजन, बहिणीची पीएच.डी.

पत्र : मॅडम, मी कोल्हापुरात, कसबा बावड्यात राहते. वय २५. गेल्या वर्षी फूड सायन्समध्ये एम.एस्सी. झाले. माझा धाकटा भाऊ शहरातल्या एका तालमीत आहे, ७४ किलो गटात खेळतो. एरवी त्याचं वजन ७९-८० भरतं. मागच्या महिन्यात स्पर्धेआधी दोन दिवस त्यानं पाण्याचा थेंब घेतला नाही, प्लास्टिकचा सूट घालून पळाला, वजन दिलं आणि काट्यावरून उतरल्याबरोबर चक्कर येऊन पडला. तेव्हापासून डोक्यात एकच आहे. खेळाडूंचं ट्रेनिंग आणि आहार यात पीएच.डी. करायची, पुढं प्राध्यापकी. पण आबा म्हणतात, ‘दूध-बदाम-तुपावर पिढ्या गेल्या, त्यात कसली आलीय डॉक्टरकी?’ आई स्थळं बघतेय. एका सप्लिमेंट कंपनीची नोकरी चालून आलीय, महिना २८ हजार, वर विक्रीवर कमिशन. मैत्रीण म्हणते, अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनिंगची डिग्री घे, तिकडं मागणी आहे. भावाचे वस्ताद तर नुसते हसले. काय करू? – एक बहीण

उत्तर :

बाळ, तुझ्या पीएच.डी.चं जरा थांबू दे. आधी भावाचं.

दोन दिवसांत पाच-साडेपाच किलो उतरले, ती चरबी नव्हे. ते पाणी. बरंचसं घामातून गेलेलं, थोडं आतड्यातलं, आणि काही ग्लायकोजेनबरोबरचं, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबरचं. एक ग्रॅम ग्लायकोजेन साधारण ३ ग्रॅम पाणी धरून बसतं, ते संपलं की पाणीही जातं. रक्तातलं पाणी आटतं, हृदयाला जास्त पळावं लागतं, आणि घामालाच पाणी उरलं नाही की अंग थंड व्हायची सोय संपते. त्यावर प्लास्टिकचा सूट म्हणजे उकळत्या पातेल्यावर झाकण. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, सव्वा महिन्याच्या आत, अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना मेले. तुझ्या भावाचं चक्करेवर निभावलं, एवढंच.

त्याला विचार, ८० किलोच्या पोरानं ७४ ला खेळायचा हट्ट कशासाठी? फ्रीस्टाइलमध्ये ७९ चा गट आहे की. ऑलिंपिकला नसतो हे खरं, पण तुझा भाऊ उद्या ऑलिंपिकला निघालेला नाही. ‘खालच्या गटात आपण ताकदवान’ हा हिशेब सगळेच करतात, म्हणून समोरचाही सहा किलो उतरवूनच आलेला असतो. पुन्हा असं गरगरलं, बोलणं अडखळलं किंवा अंग तापून घाम थांबला, तर लिंबू-सरबत शोधत बसू नका. अंगावर गार पाणी ओता आणि तसंच दवाखान्यात न्या.

आता तुझं. तुझा विषय खरा आहे का, याचं उत्तर त्याच १९९७ च्या गोष्टीत आहे. त्या तीन मृत्यूंनंतर अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचे नियम बदलले. हंगाम सुरू व्हायच्या आधीच पैलवानाची चरबी आणि लघवीची घनता मोजायची. घनता १.०२० च्या वर गेली तर तो कोरडा पडलाय असं धरायचं आणि ते मोजमाप मान्य करायचं नाही. चरबी ५ टक्क्यांखाली जाईल असा गट त्याला घेता येत नाही, आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवायचं नाही, सॉना आणि रबरी सूट बंद. यातला प्रत्येक आकडा कुणीतरी वर्षानुवर्षं पैलवानांची कातडी चिमटीत धरून, त्यांच्या लघवीच्या बाटल्या तपासून काढलेला आहे. वस्ताद हसले तर हसू देत. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी अंतिम फेरीतून बाहेर गेली, तेव्हा देशभर जो तो वजनावर बोलत होता. बोलणाऱ्यांत मोजलेलं किती जणांनी होतं?

आबांवर मात्र चिडू नकोस, त्यांचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. कागद घे. दोन लिटर म्हशीचं दूध : प्रथिनं साधारण ७५ ग्रॅम. शंभर ग्रॅम बदाम : २०. पाव किलो मटण : ५० च्या आसपास. भाकरी, आमटी, डाळीचे २०-२५. बेरीज १६५ ते १७०. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०१६ च्या निवेदनात खेळाडूला दर किलो वजनामागं दिवसाला १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं सांगितलीत, म्हणजे ८० किलोच्या पोराला ९६ ते १६०. तेव्हा आबांचा खुराक प्रथिनांत काठोकाठ भरलेला आहे, डब्यातल्या पावडरीला त्यात जागाच नाही. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन परतणाऱ्या पोराला हे कुणी सांगत नाही, कारण हे सांगून कुणाचा डबा खपत नाही.

आबांचं चुकतं ते पुढं. शंभर ग्रॅम तुपात ९०० कॅलरी आणि प्रथिनं शून्य. पहाटे हजार-दोन हजार जोर-बैठका मारणाऱ्या, मातीत तासन् तास झोंबणाऱ्या गड्याला ते पचायचं आणि लागायचंही. मॅटवर सहा मिनिटांची कुस्ती करणाऱ्याला तेवढं तूप कशाला? वजन दिल्यावर आणि पहिली कुस्ती लागण्याआधी काय खायचं, किती प्यायचं, थंडाई तेव्हा बरी की नंतर? २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत खेळायच्या दिवशी सकाळीच वजन घेतात. आदल्या संध्याकाळी वजन देऊन रात्रभर भरून काढायची सोय गेली, त्यामुळं जुन्या खुराकाचं वेळापत्रकच कोलमडलं. आबांच्या पिढीला हा प्रश्नच पडला नव्हता. तुझ्या भावाला पडलाय.

तुझ्या पत्रात ‘ट्रेनिंग’ आणि ‘आहार’ एकाच टोपलीत आहेत. ते आधी वेगळे कर.

अमेरिकेतला ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे आपल्याकडचा जिमचा ट्रेनर नव्हे. तो आरोग्यसेवक असतो. मैदानावरचा पहिला इलाज, दुखापत होऊ नये म्हणून काळजी, झालीच तर खेळाडूला पुन्हा उभं करणं, हे त्याचं काम. तिथं त्यासाठी आता थेट मास्टर्सच लागते, मग परीक्षा, मग बहुतेक राज्यांत परवाना. आपल्याकडं हे काम स्पोर्ट्स फिजिओथेरपिस्ट करतात. बी.पी.टी., पुढं एम.पी.टी. तुझं शिक्षण त्या वाटेवरचं नाही. त्यात जायचं तर जवळजवळ बारावीपासून सुरुवात. आणि अमेरिकेची पदवी घेऊन परत आलीस तर इथं त्या नावाची जागाही नाही, चौकटही नाही. तिथंच राहायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तू पत्रात तसं कुठं लिहिलेलं नाहीस. तू लिहिलंयस ते भावाबद्दल. मैत्रिणीला चहा पाज आणि विषय मिटव.

राहिला आहार. इथं एक कडू घोट आहे. फूड सायन्समध्ये दुधाचं पनीर कसं करायचं, किती दिवस टिकवायचं, पाकिटात कसं भरायचं हे तू शिकलीस. ते पनीर पैलवानाच्या पोटात गेल्यावर काय होतं, हे शिकायचं राहिलंय. शरीरक्रियाशास्त्र, व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, चयापचय. हे भरून काढल्याशिवाय पीएच.डी.च्या मुलाखतीला बसू नकोस, दुसऱ्याच प्रश्नाला सापडशील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत स्पोर्ट्स न्यूट्रिशनमध्ये एम.एस्सी. आहे, पात्रतेच्या अटी बघून घे. दुसरी एम.एस्सी. म्हणजे घरात भूकंप, ठाऊक आहे मला. तसं नको असेल तर एक वर्ष घरी बसून अभ्यास कर, पण वर्ष खरंच दे.

सप्लिमेंटची नोकरी. घरात पैशाची नड असेल तर घे, त्यात कमीपणा नाही. पण तो संशोधनाचा अनुभव आहे असं स्वतःला सांगू नकोस. २००० च्या सुमारास कोलोनच्या प्रयोगशाळेनं १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट्स तपासली. जवळपास १५ टक्क्यांत डब्यावर न छापलेली स्टेरॉइड्सच्या जातीची द्रव्यं सापडली. आज तू तालमीत डबे विकायला गेलीस आणि दोन वर्षांनी त्याच तालमीत ‘मी संशोधक’ म्हणून उभी राहिलीस, तर पोरं तुला काय खरं सांगतील? अन् तुझा निबंध वाचणारा पहिल्यांदा विचारेल, पैसा कुणाचा? कमिशन नसतं तर मी एवढी ताठ बोलले नसते.

पैशाचा हिशेब असाही बघ. यूजीसी-नेटमधून जे.आर.एफ. (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७ हजार, शिवाय घरभाडं, आणि दोन वर्षांनी ४२ हजार. कंपनीच्या २८ हजारांपेक्षा ते जास्तच. वयाची अट ३० ची, त्यात मुलींना पाच वर्षांची सूट. गृहविज्ञान विषयात पोषण येतं, पण तुझी एम.एस्सी. त्यात बसते का, हे फॉर्म भरण्याआधी लेखी विचार. तोंडी ‘हो हो, चालतंय’ वर विसंबू नकोस. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत, तुला जी लागू पडेल ती बघ, फक्त हप्ता ठरल्या तारखेला येईल असं धरून कर्जाचा हप्ता बांधू नकोस. माझं म्हणणं सरळ आहे, फेलोशिपशिवाय पीएच.डी.ला हात घालायचा नाही. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, ते याच गावात. १९५२ चं ब्राँझ त्यातून आलं. पण लघवीची घनता मोजायच्या तुझ्या रिफ्रॅक्टोमीटरसाठी कुणी घर गहाण टाकणार नाही, आणि आबांनी तर मुळीच टाकू नये.

प्राध्यापकीचं स्वप्न रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मी उलटं सांगते. कायम नोकरीत सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण त्या जागा निघतात किती? माझ्या ओळखीतली हुशार पोरं सी.एच.बी.वर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहेत. तासाचे पैसे, सुट्टीत शून्य, दर जूनला पुन्हा मुलाखत. खेळ-पोषण हा तर अजून आपल्या बहुतेक कॉलेजांत स्वतंत्र विभागही नाही. तुला गृहविज्ञान, अन्नशास्त्र नाहीतर शारीरिक शिक्षण यांपैकी कुणाच्या तरी वळचणीला उभं राहावं लागेल. दुसरी बाजू अशी की क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं, खेलो इंडिया, खासगी अकादम्या आता आहारतज्ज्ञ घेतात, बहुधा कंत्राटावर. म्हणून प्राध्यापकी हे एकमेव दार समजू नकोस. खेळाडूंचं मोजमाप करण्यात हात बसलेली बाई उपाशी राहत नाही, असं निदान मी तरी पाहिलंय.

हात बसण्याबद्दल बोलते, कारण मी स्वतः इथंच आपटले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी चाळीसेक पोरांची वजनं मी चार महिने दर आठवड्याला घेतली. वह्या भरल्या, आलेख काढले, फुशारक्या मारल्या. शेवटी एका पोरानं गंमत म्हणून २० किलोची प्लेट काट्यावर ठेवली, तर काट्यानं २१.३ दाखवले. स्प्रिंगचा काटा होता, कधीपासून बिघडलाय कुणास ठाऊक. म्हणजे आधीचे आकडेही दुरुस्त करता येईनात. ती वही माळ्यावर आहे, टाकवत नाही. तेव्हा शरीराची मोजमापं शिकवणाऱ्या आयसॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेचा लेव्हल १ चा कोर्स कर. शरीरावरच्या ठरलेल्या खुणांवर कातडीची घडी मोजायला शिकवतात. एकाच जागी दोनदा मोजून आकडे जुळेपर्यंत रोज कुणाला तरी पकड. आईला पकड, तिची स्थळं शोधायची गतीही जरा मंदावेल.

यंत्रं नाहीत म्हणून मात्र रडू नकोस. १९६६ साली स्वीडनमधल्या बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन डॉक्टरांनी एकच सायकल घेतली. एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि दोघांनी एकेका पायानं पेडल मारली. दुसरा पाय विश्रांतीला. मग स्वतःच्याच मांड्यांत सुई घालून स्नायूंचे तुकडे काढले आणि तीन दिवस भरपूर पिष्टमय खाऊन पुन्हा काढले. दमलेल्या पायात ग्लायकोजेनचा साठा विश्रांतीच्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला. जगभरचे मॅरेथॉनवाले आदल्या दिवशी भात-पास्ता हाणतात, त्याच्या मुळाशी दोन माणसं अन् एक सायकल आहे. (सुई तू टोचून घेऊ नकोस.)

आता ज्यासाठी मी हे एवढं लांबलचक लिहायला बसले ते. तुझा प्रश्न बदल. भावाच्या तालमीत तुला पहाटे साडेचारला जाता येणार नाही, लंगोटावरच्या पोरांच्या मांडीची घडी तू मोजणार नाहीस, सोबत पुरुष सहायक लागेल, आणि वस्ताद रोज नवं कारण काढतील. मी तीस वर्षांत त्या दारातून चार वेळा आत गेले असेन, त्यातही दोनदा प्रसाद घ्यायला. पण मुरगूडकडं, आसपासच्या गावांत पोरी मॅटवर उतरल्यात. त्याही वजन उतरवतात. खाणं तोडलं की पाळी चुकते, आणि ती चुकली की ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणून गप्प बसतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली याला नाव दिलं, रेड-एस. व्यायामात खर्च होते त्या मानानं शरीराच्या रोजच्या कारभाराला ऊर्जा उरत नाही, मग शरीर एकेक खातं बंद करतं. पाळी, हाडांची बळकटी, प्रतिकारशक्ती. सतरा वर्षांच्या पोरीच्या हाडाचं जे नुकसान होतं ते पुढं पुरतं भरून येईल याची खात्री नसते. आता सांग, ही गोष्ट ती पोरगी कुणाला सांगेल? कोचला नाही, बापाला नाही, पुरुष संशोधकाला तर नाहीच. तुला सांगेल. तालमीच्या दारात जी तुझी अडचण आहे तीच इथं तुझी किल्ली आहे.

मार्गदर्शक शोधताना हा प्रश्न एका पानावर लिहून ने. ‘स्पोर्ट्स न्यूट्रिशनमध्ये काहीतरी करायचंय’ असं म्हणालीस तर ते त्यांच्याकडचा पडून राहिलेला विषय तुझ्या गळ्यात घालतील. त्यांच्याकडं आधी केलेल्यांना गाठून दोन गोष्टी विचार. किती वर्षं लागली, आणि निबंधावर नाव कुणाचं आधी आलं. आकडेवारीवाल्याकडं माहिती गोळा करायच्या आधी जा. पन्नास पोरींची माहिती आणल्यावर तो ‘नव्वद लागल्या असत्या’ म्हणाला तर तुझी दोन वर्षं पाण्यात. विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, जीवरसायनशास्त्राचा आहे, दोन्हीकडं नुसतं जाऊन बसलीस तरी पुष्कळ कळेल.

एथिक्स कमिटीचं काम लोक कटकट म्हणून उरकतात, तू उरकू नकोस. वस्ताद नाहीतर कोच ‘चला गं, उभ्या राहा’ म्हणाले की वीस पोरी रांगेत उभ्या राहतील. ती संमती नव्हे. प्रत्येकीला एकटीला विचारायचं, नाही म्हणाली तर कोचला कळू द्यायचं नाही. अठराच्या आतली असेल तर पालकांची सही हवीच, पण तिचंही हो हवं. आणखी एक. महिन्या-दोन महिन्यांत तुला अशा गोष्टी कळतील ज्या तुला कळायला नको होत्या. कुणी इंजेक्शन घेतं. मेफेन्टरमाइनचं नाव तू बातम्यांत वाचलं असशीलच. ऑपरेशनच्या वेळी पडलेला रक्तदाब चढवायचं ते औषध, उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेलं, आणि जिम-तालमीतली पोरं ते दमसासासाठी टोचून घेतात. असं कुणी विश्वासानं सांगितलं तर तू काय करणार? गुप्तता राखणार, जिवाला धोका दिसला तर कुणाला सांगणार, हे आधीच लिहून ठेव आणि पोरींना पहिल्याच दिवशी वाचून दाखव. ऐनवेळी ठरवायला गेलीस तर चुकशील. मी चुकले होते. ती गोष्ट कुणाच्या तरी विश्वासाची आहे, इथं लिहीत नाही.

लग्नाचं थोडक्यात. पीएच.डी.ला किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत मुलींना जादा मुदत आणि बाळंतपण-संगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे. आईला हे वाचून दाखव. स्थळ बघायला हरकत नाही, फक्त पहिल्या भेटीतच सांगून टाक की पहाटे पाचला घरातून निघून पोरींची वजनं करायला जाणार आहे. निम्मी स्थळं तिथंच गळतील, आईचा त्रास वाचेल.

येत्या महिन्याभरात एवढं कर. भावाचं वजन रोज उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर लिही. सरावाच्या आधी आणि नंतरही लिही, म्हणजे एका सरावात किती घाम जातो ते कळेल. काय खाल्लं ते त्याच्या आठवणीवर नको, ताटात असताना लिही. हा अभ्यास नव्हे, तुझ्या हाताला सवय. मग वही घेऊन ये. आधी सदराच्या पत्त्यावर कळव, मी वेळ देईन. माझ्याकडं कातडीची घडी मोजायचा जुना कॅलिपर आहे, स्प्रिंग गेल्या वर्षीच बदललीय, वर्षभर वापर आणि परत आणून दे. येताना भावालाही आण. जेवूनच येऊ दे त्याला.